निरीक्षणगृहातून सुटलेल्या भाच्याचे मानसोपचार पुढे कसे चालू ठेवायचे? मदत हवी आहे

नमस्कार. भाच्याबद्दल लिहितोय. वय १६. मारामारीच्या एका केसमध्ये त्याचं नाव आलं, काही आठवडे निरीक्षणगृहात होता (आमच्याकडे सगळे रिमांड होमच म्हणतात). आता बाल न्याय मंडळाने जामिनावर सोडलंय. केस चालू आहे, त्यामुळे नाव-गाव कृपया विचारू नका.

आत असताना त्याची झोप उडाली. तिथल्या समुपदेशक बाईंच्या ते लक्षात आलं, त्यांनी सिव्हिलच्या डॉक्टरांना दाखवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या बाईंचे फार उपकार आहेत. पण सुटताना हातात अर्धी स्ट्रिप दिली, केसपेपर नाही. गोळ्या कशासाठी आहेत, किती दिवस घ्यायच्या, काहीच माहीत नाही. फोन केला तर म्हणाले, "मुलगा आता आमच्याकडे नाही."

घरी तो भिंतीला पाठ लावून जेवतो, ताट मांडीवर ओढून, भराभरा. संडासला जायचं तरी आईला विचारतो, "जाऊ का?" कुणी कडी वाजवली की ताडकन उभा राहतो, हात सरळ खाली. परवा म्हणाला, "मी नसतो तर तुमच्यामागे हे कोर्ट लागलं नसतं."

आजोबा देवऋषाकडे न्या म्हणतात. बहीण वेगळ्याच भीतीत आहे. गोळ्यांचं कळलं तर मंडळ त्याला वेडा ठरवेल आणि परत आत घालेल, असं तिला वाटतं, म्हणून गोळ्या बंद करायला निघाली आहे. केस तिच्या गतीने चालेल, पण पोराला आत्ताच सांभाळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. उपचारांचा केसवर खरंच परिणाम होतो का? आतले कागद कसे मिळवायचे? खासगी डॉक्टर परवडणारा नाही.

प्रतिसाद

दादा, मी बाल न्याय मंडळासमोर वकिली करते. आधी ताईंची भीती घालवा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १२ मध्ये जामीन नाकारायची कारणं दिली आहेत, त्यात आजारपण नाही. मंडळापुढे येणारे अहवाल कलम ९९ प्रमाणे गोपनीय असतात. कलम ५३ मध्ये तर समुपदेशन आणि मानसिक आरोग्याचे उपचार हे संस्थेनेच द्यायच्या सेवांमध्ये धरलेत. म्हणजे आत गोळ्या सुरू झाल्या त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

कागदांसाठी निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे, अल्पवयीन मुलासाठी त्या पालकाने मागायच्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या तारखेला मंडळासमोरच मागा. प्रोबेशन ऑफिसरला (मुलाबद्दलचा अहवाल मंडळाला देणारा अधिकारी) घरची परिस्थिती मोकळेपणाने सांगा. मात्र त्या दिवशी मारामारीत काय झालं, हे वकिलाशी बोलल्याशिवाय कुणालाही लिहून देऊ नका. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

प्रतिसाद

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. गोळ्या अचानक बंद करू नका, काही गोळ्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. कागदांची वाट न बघता स्ट्रिप घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

"मी नसतो तर" हे वाक्य मला फार लागलं. त्याला आजच शेजारी बसवून सरळ विचारा, मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलं बोलती होतात. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, आजच दवाखान्यात न्या. घरात फवारणीचं औषध असेल तर आत्ता बाहेर काढा, कुलपात ठेवा. गोळ्याही आईच्या ताब्यात हव्यात.

धागाकर्ता

फवारणीचे डबे गोठ्यातच होते, आत्ताच शेजाऱ्यांकडे हलवले. रात्री त्याच्याशी बोलतो. सकाळी सिव्हिलला निघतोय. वकील ताई, अर्ज माझ्या नावाने चालेल का?

प्रतिसाद

नाही दादा, आईच्या नावाने करा. तिची सही घ्या आणि मंडळाच्या जामीन आदेशाची प्रत सोबत जोडा.