'ढगळ' म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

अस्तर
आमच्या गावातल्या शिवणवर्गाच्या मुलींसाठी एक मराठी टिपण लिहितेय. विषय आहे रेई कावाकुबो, योहजी यामामोतो आणि इस्सेइ मियाके या जपानी फॅशन डिझायनरांचे कपडे. १९८१ साली कावाकुबो आणि यामामोतो पहिल्यांदा पॅरिसला आपले कपडे घेऊन गेले. काळे, एक बाजू लांब एक आखूड, कड दुमडायची सोडून दिलेली. तिथे तेव्हा भरलेले खांदे आणि आवळलेली कंबर चालत होती. बघणारे हबकले.

मी लिहिलं, "यामामोतोचे कोट ढगळ असतात आणि ते तसेच असायला हवेत." वर्गाच्या बाईंनी 'ढगळ' खोडून 'सैलसर' केलं. त्यांचं म्हणणं, ढगळ ही गिऱ्हाइकाची तक्रार असते, ती ऐकली की आपण कपडा उसवायला घेतो. मला 'सैल' पटत नाही. सैल होते ती गाठ, सैल सुटतो तो लगाम. आधी घट्ट असतं ते सैल होतं. यामामोतोच्या कोटात काहीच सुटलेलं नसतं. कापड खांद्यावरून स्वतःच्या वजनाने उतरतं, पाठीशी हवा राहते, चालताना घेर अर्धं पाऊल मागून येतो. हे सगळं मोजूनमापून केलेलं. याला शब्द हवाय.

शिवाय 'अवाँ-गार्द'ला, म्हणजे रूढ वाट सोडून पुढे जाणाऱ्या कलेला, काय म्हणू? तूर्त 'प्रायोगिक' लिहून ठेवलंय.

शिंप्याची लेक
तुमच्या बाई बरोबर आहेत. आमच्या दुकानात ढगळ म्हणजे खांदा उतरला, बाहीचा मुंढा खाली आला, कपडा दुसऱ्याचा वाटायला लागला. मुद्दाम ठेवतात त्याला 'लूज' म्हणतात. वडील प्रत्येकाला विचारायचे, छातीला दोन इंच लूज ठेवू की तीन? लूज ठेवतात, ढगळ होतं. मुलींना 'लूज' लगेच कळेल.

देशी
म्हणजे मराठी टिपणात मराठी मुलींना 'लूज' शिकवायचं? सैल, मोकळा, घोळदार, ऐसपैस, अघळपघळ इतके शब्द घरात असताना? दुकानात चालतं ते सगळंच लिहायचं ठरवलं तर लिहिण्याची भाषा उरणार नाही.

शिंप्याची लेक
घोळदार म्हणजे खाली घेर जास्त, परकर घोळदार असतो. अघळपघळ माणूस असतो, कोट नव्हे. तुमचे पाचही शब्द पाच वेगळ्या गोष्टींचे आहेत. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं 'लूज' म्हणून मराठीतच कपडे शिवले.

ओसाकाहून
मी बारा वर्षं जपानात आहे, म्हणून दोन शब्द. 'ढगळ' म्हटलं की आपण गृहीत धरतो की कपड्याने अंगाच्या वळणाप्रमाणे जायला हवं होतं आणि तो गेला नाही. किमोनोत ते गृहीतच नाही. साधारण ३६ सेंटिमीटर रुंदीचं कापड, त्याच्या सरळ पट्ट्या, सरळ शिवण. अंगासाठी वळण कापतच नाहीत. अंग आणि कापड यांच्यामध्ये जे राहतं त्याला 'मा' म्हणता येईल. हा शब्द लिहिताना दाराच्या दोन फळ्यांमध्ये सूर्य काढतात. खोली, दोन खांबांमधलं अंतर, बोलण्यातला थांबा, सगळ्याला हाच शब्द. कपडा मोठा आहे की लहान हा प्रश्न तिथे नंतर येतो. मधली जागा कशी आहे हे आधी बघतात.

तुम्हाला कपड्याचं विशेषण हवंय. मला वाटतं त्या जागेचं नाम शोधावं.

जुनी बखर
अवाँ-गार्दला मराठी शब्द तयार आहे आणि तो कोणी वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मूळ फ्रेंच शब्द लष्करी आहे, सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. मराठ्यांच्या फौजेत तिला 'बिनी' म्हणत. बिनीवाले हे आडनाव त्यातलंच, 'बिनीचा शिलेदार' आजही आपण म्हणतो. मुख्य फौज पोचायच्या आधी अनोळखी मुलखात शिरणारे ते बिनीचे. कावाकुबोने १९८१ साली दुसरं काय केलं? 'बिनीचा कपडा' लिहा. माझा अंदाज असा की फारसीत बीनी म्हणजे नाक, आणि नाक सगळ्यात पुढे असतं.

देशी
'अग्रगामी' आहे की. फारसीकडे कशाला जायचं?

जुनी बखर
कारण 'अग्रगामी' कोणाच्या तोंडात नाही, ते फक्त समीक्षेत राहतं. बिनी तीन-चार शतकं आपल्या तोंडात आहे. ती परकी कशी?

नगरकर
नाकाची व्युत्पत्ती ओढून आणल्यासारखी वाटते. फारसीतच 'बीन' म्हणजे बघणारा, दूरबीन शब्दात आहे तो. पुढे जाऊन टेहळणी करणारे म्हणून बिनी, असं का नसेल?

जुनी बखर
टेहळणी हेरांचं काम. बिनीवाले लढायचे. तरी तुमचं म्हणणं तपासून बघतो.

शिंप्याची लेक
मुलींना 'बिनीचा कपडा' म्हटलं तर त्या पुढून बटणं असलेला समजतील.

मृद्गंधा
मला यातून वेगळीच गोष्ट आठवली. बाबा गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्यांचा काळा कोट बाह्या दुमडून कॉलेजला घालायचे. आत्या म्हणायची, "बुजगावणं दिसतेस, हे कसलं सोंग?" मी तो कोट फाटेपर्यंत वापरला. मग तसाच दुसरा शिवून घेतला, मग कापड बदललं, लांबी बदलली, पुढे एक खिसा पाठीकडे नेला. तेव्हा यामामोतो कोण हे माहीतही नव्हतं. पुढे वाचलं की त्याचे वडील युद्धात गेले, आई टोकियोत शिवणकाम करून घर चालवायची, आणि कायद्याची पदवी घेतल्यावर तो आईच्या हाताखाली मदतीला आला. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आज पंचवीस वर्षं मी असेच कपडे घालते. गेल्या दिवाळीत आत्या कोणाला तरी सांगत होती, "तो तिचा बाजच आहे."

सोंगाचा बाज कधी झाला? माझा प्रश्न असा की इंग्रजीत सगळीकडे 'स्टाईल' म्हणतात त्याला आपल्याकडे कपड्यापुरता शब्द कोणता? शैली लेखकाची, लकब बोलण्याची, ढब चालण्याची. अंगावरच्या कपड्यांत वर्षानुवर्षं मुरलेलं जे असतं, त्याला?

देशी
धाटणी.

मृद्गंधा
धाटणी बघणाऱ्याला दिसते. मी घालणाऱ्याच्या बाजूने विचारतेय.

नगरकर
बाज उत्तम आहे. तबल्यातही पूरब बाज, दिल्ली बाज म्हणतात. तिथे तो घराण्याचा असतो आणि एकट्या वादकाचाही. रियाजातून येतो, विकत मिळत नाही. 'स्टाईल मारणे' आणि 'बाज असणे' यातला फरक मुलींना नक्की कळेल.

कोकणी मैना
काळ्यावरून आठवलं. आमच्याकडे संक्रांत सोडली तर काळं घेऊ देत नाहीत, पण काळ्या लुगड्याला नाव किती सुरेख, चंद्रकळा! जपानात काळ्या कपड्यांना असं नाव आहे का?

ओसाकाहून
कपड्याला माहीत नाही, घालणाऱ्यांना होतं. १९८०च्या आसपास टोकियोत कावाकुबो आणि यामामोतोचे कपडे घालणाऱ्या तरुणांना 'कारासु-झोकु' म्हणत, कावळ्यांची टोळी. ते कौतुक नव्हतं.

यावरून 'ढगळ'बद्दल सांगायचं राहिलं होतं ते सांगतो. 'बोरो' हा शब्द बघा. उत्तरेकडच्या तोहोकु भागात थंडीमुळे कापूस पिकायचा नाही. अंगावर तागासारखं जाडं कापड, आणि जहाजाने येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या विकत घेऊन त्याच्यावर ठिगळं. ठिगळावर ठिगळ, वर धावदोरा, दोन-तीन पिढ्या तेच. बोरो म्हणजे सरळ लक्तर. लाज वाटायची, लोक लपवायचे, टाकून द्यायचे. आज तीच लक्तरं संग्रहालयात काचेआड आहेत आणि शब्द तोच आहे, बदललेला नाही. त्याच्यातली लाज गेली. म्हणून माझं मत, अस्तरताई, 'ढगळ'च ठेवा. मुलींनी यामामोतोचा कोट बघितला की शब्द आपोआप धुतला जाईल.

शिंप्याची लेक
संग्रहालयात ठेवणाऱ्यांच्या आजीने ती वाकळ पांघरली नव्हती, म्हणून लाज गेली. ज्या मुलीला बहिणीचा ढगळ ड्रेस घालून शाळेत जावं लागलं, तिच्यासाठी तो शब्द धुतला जाणार नाही. ती मुलगी याच वर्गात बसलेली असते. मी बसलेले आहे.

ओसाकाहून
मान्य. हा विचार मी केला नव्हता.

कोकणी मैना
कावाकुबोचा तो भोकांचा काळा स्वेटर आहे ना, १९८२चा, त्याला टिपणात काय म्हणणार? फाटका?

अस्तर
त्यावर एक अख्खं पान झालंय माझं! विणण्याच्या यंत्राचे स्क्रू तिने ढिले करायला लावले, म्हणजे यंत्र आपल्या मर्जीने टाके सोडेल. वर्तमानपत्रांना ती लक्तरं वाटली, कोणी कोणी तर हिरोशिमाचं नाव घेतलं. ती स्वतः त्याला लेसचाच एक प्रकार मानते. मी आधी 'फाटका' लिहिलं, मग 'भोकांचा', शेवटी 'जाळीचा' केलं. जाळीत भोकं मुद्दाम असतात. तरी जाळी एकसारखी असते आणि हा स्वेटर एकसारखा नाही, ते खटकतंय.

शिंप्याची लेक
'टाके सोडलेला' लिहा. सुटलेला नव्हे, सोडलेला. विणणाऱ्या कोणालाही कळेल.

अस्तर
सोडलेला! अगदी हेच. घेते.

आणि १९९७च्या उन्हाळ्यासाठीचे तिचे कपडे? त्यात ढगळपणा कुठेच नाही. ताणणारं कापड अंगाला घट्ट, आत पाठीवर, खांद्यावर, कमरेच्या एका बाजूला पिसांच्या उशा. टेंगूळ लिहिलं तर मार लागल्यासारखं वाटतं, आवाळू म्हटलं तर आजार.

नगरकर
उंचवटा. जमिनीचा शब्द आहे, त्यात आजार नाही.

देशी
इथे मी नगरकरांशी सहमत. पण एक विचारतो. मियाकेचं 'एक कापड', म्हणजे एकाच अखंड कापडाचा कपडा, हे सूत्र सगळे सांगतात. आपली नऊवारी अख्ख्या कापडाचीच की. मग नेसणे, कासोटा, ओचा, निऱ्या, सगळी परिभाषा तयार असताना जपानी शब्द का शोधायचे?

ओसाकाहून
नऊवारी कोणी शिवत नाही, ती नेसणारीच घडवते. मियाकेच्या कपड्यांवरच्या चुण्या यंत्रात होतात. अडीच-तीन पट मोठा कपडा आधी पूर्ण शिवतात, मग कागदांच्या थरांत घालून उष्णतेने दाबतात, तेव्हा तो मापाचा होतो. त्याच्यावर आपली निरी घातली तर दोन्ही कळणार नाहीत.

शिंप्याची लेक
थांबा, आधी शिवून मग चुण्या? आपण कापडाला आधी चुण्या घालतो आणि मग शिवतो. हा क्रम उलटा आहे, टिपणात हे ठळक लिहा! आणि 'निरी' नकोच. निरी हाताने घालतात आणि संध्याकाळी सुटते. ही धुतली तरी जात नाही. चुणीच.

कोकणी मैना
मियाकेच्या कंपनीचा 'हाट' नावाचा एक ब्रँड आहे, २००० साली माकिको मिनागावा या कापड-डिझायनरने सुरू केलेला. त्यातलं बरंचसं हातकाम भारतात होतं. नाव आपल्या बाजारहाटातल्या हाटावरूनच, गावचा बाजार. संस्कृत शब्द म्हणून सांगतात.

जुनी बखर
संस्कृतात 'हट्ट'. 'हाट' प्राकृतातून आपल्यापर्यंत आला. म्हणजे तो शब्द आपल्याला जास्त जवळचा.

देशी
आणि जपानी माणसांना 'हाट' चालतो, इथल्यांना 'लूज' लागतं.

शिंप्याची लेक
त्यांनी हाट घेतला कारण बाजारात तो चालू होता. मीही तेच म्हणतेय.

मृद्गंधा
ऐसपैसमधला नुसता 'पैस' घ्यावा का? जुना शब्द आहे, विस्तार, मोकळी जागा. नेवाशाच्या पैसाच्या खांबामुळे कानाला ओळखीचा. ओसाकाहून म्हणतात त्या जागेला तो चालेल. "या कोटात पैस आहे."

शिंप्याची लेक
ऐकायला छान आहे. पण मुली म्हणतील, पैसे कुठे आहेत?

नगरकर
एकदा सांगितलं की विसरणार नाहीत. मला पैस पटला.

अस्तर
टिपण आज छपाईला द्यायचं होतं, दिलं. विशेषण काढून टाकलं. आता वाक्य असं आहे: "यामामोतोच्या कोटात अंग आणि कापड यांच्यामध्ये हात फिरेल एवढा पैस मुद्दाम ठेवलेला असतो, शिंपी त्याला लूज म्हणतात." बाईंनी 'पैस'खाली पेन्सिलीने रेघ मारली आहे, खोडलेलं नाही. अवाँ-गार्दचं काही जमलं नाही, तिथे 'प्रायोगिक'च गेलं.

ओसाकाहून
'हात फिरेल एवढा' म्हटलं की ते पुन्हा माप झालं. मा मोजत नाहीत.

शिंप्याची लेक
शिवायचं तर मोजावंच लागेल. यामामोतोनेही मोजलंच असणार.

जुनी बखर
'प्रायोगिक' गेलं हे ऐकून वाईट वाटलं. प्रयोग फसला तर माणूस घरी जाऊन पुन्हा करू शकतो. बिनीला परतीची वाट नसते. दुसरी आवृत्ती निघणार असेल तर आधी कळवा. तोवर नगरकरांच्या 'दूरबीन'बद्दल बघून ठेवतो, दोन जुने कोश काढलेत.