मदत हवी आहे: 'फॉली'ला मराठीत काय म्हणावं?

ओळीमागून_ओळ:
इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या भटकंतीवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. 'फॉली' हा शब्द तीन ठिकाणी अडला. शब्दकोशात 'मूर्खपणा' मिळतो, पण तो बसत नाही.
१) इट वुड बी फॉली टू क्रॉस द रिव्हर टुडे.
२) द फॉलीज ऑफ हिज यूथ.
३) वी वॉक्ड अप टू द फॉली ऑन द हिल.
तिसऱ्याचं 'टेकडीवरच्या मूर्खपणापर्यंत चालत गेलो' असं होतंय. नक्की काय चुकतंय?

व्याकरणवेडा:
आधी पहिलं वाक्य. 'फॉली' म्हणजे अकलेचा अभाव नव्हे, विवेकाचा अभाव. माणूस हुशार असू शकतो, परिणाम समोर दिसत असतात, तरी तो तेच करतो. म्हणून 'मठ्ठपणा', 'बिनडोकपणा' हे 'स्टुपिडिटी'साठी ठेवा, 'पोरकटपणा' 'सिलिनेस'साठी. 'फॉली'ला 'अविचार' सर्वांत जवळचा. समर्थ रामदासांनी मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खाची वेगळी सांगितली, तो फरक इथे डोळ्यांसमोर ठेवला तर शब्द चुकणार नाही.

'वुड बी'चं शब्दशः 'असेल' टाळा. मराठीत अशा वाक्याला 'म्हणजे' लागतं: 'आज नदी ओलांडणं म्हणजे निव्वळ अविचार.' बोलणारा गावातला वाटाड्या असेल तर 'आज नदीत उतरणं शहाणपणाचं नाही' हे जास्त खरं वाटेल.

दुसऱ्या वाक्यात अनेकवचन आहे, म्हणजे सुटीसुटी कृत्यं. 'तारुण्यातले वेडेपणा' असं अनेकवचन मराठीत अवघडतं. 'तरुणपणी केलेले नसते उद्योग' म्हणा. प्रकरण गंभीर असेल (कर्ज, जुगार) तर 'तरुणपणीच्या घोडचुका'.

चुना_आणि_वीट:
तिसरी फॉली ही इमारत आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या धनिक जमीनदारांनी आपल्या विस्तीर्ण बागांमध्ये निव्वळ देखाव्यासाठी बुरूज, कमानी, देवळं, अगदी मुद्दाम पडके बांधलेले किल्लेसुद्धा उभे केले. खर्च मोठा, उपयोग काही नाही, म्हणून लोक त्यांना 'अमक्याची फॉली' म्हणू लागले.

पण नावावरून बांधणाऱ्याला वेड्यात काढू नका. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातली 'कॉनोली'ज फॉली' १७४०च्या दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून बांधली गेली. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांची आठवण व्हावी अशीच गोष्ट. स्कॉटलंडमध्ये ओबन गावाच्या डोक्यावर मॅकेग नावाच्या बँकरने १८९७ मध्ये रोमच्या कलोसियमसारखी गोल वास्तू बांधायला घेतली. घराण्याचं स्मारक व्हावं आणि हिवाळ्यात गवंड्यांना काम मिळावं, असे दोन्ही हेतू होते. १९०२ मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं. या दोन्ही वास्तूंना 'मूर्खपणा' म्हटलं तर त्या गवंड्यांवर अन्याय होईल.

भाषांतरात पहिल्या उल्लेखाला 'टेकडीवरची फॉली, म्हणजे केवळ शोभेसाठी बांधलेला बुरूज' असं लिहा, पुढे नुसतं 'बुरूज'. मात्र मूळ लेखातलं छायाचित्र आधी बघा. कमान असेल तर 'शोभेची कमान', पडकं असेल तर 'बनावट भग्नावशेष'.

ओळीमागून_ओळ:
खूप उलगडलं. पण इमारत आहे की अविचार, हे वाक्यावरून ओळखायचं कसं? लेखात एके ठिकाणी 'सीवर्ड्स फॉली'सुद्धा आलंय.

व्याकरणवेडा:
नुसत्या आर्टिकलवर विसंबू नका, 'अ फॉली' अविचारी कृत्यालाही म्हणतात. शेजारचे शब्द बघा: तिथे चढून जाता येत असेल, तिची दुरुस्ती होत असेल, तर इमारत. मागे 'इट वुड बी' आणि पुढे 'टू' असेल तर अविचार.

व्यक्तीचं नाव मागे असेल तेव्हा संदर्भ शोधावाच लागतो. सीवर्ड हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. १८६७ मध्ये त्यांनी रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का घेतलं, तेव्हा टीकाकारांनी त्या व्यवहाराला हे नाव दिलं. पुढे तिथे सोनं सापडलं, १९६८ मध्ये प्रूडो बेला तेल. म्हणून 'सीवर्ड यांचा तथाकथित वेडेपणा' लिहा. 'तथाकथित' गाळलात तर अर्थ उलटतो. 'तुघलकी निर्णय' हा मोह होईल, कारण दौलताबादच्या राजधानीमुळे तो शब्द आपल्या तोंडात बसलाय. पण तो फसलेल्या निर्णयाचा शब्द आहे, इथे नको.

आणखी एक. शेवटी 'वाय' असला तरी 'फॉली' विशेषण नाही. 'ही इज फॉली' चूक, 'ही इज फूलिश' बरोबर. 'डोन्ट डू धिस फॉली' हेही टाळा. क्रियापद हवंच असेल तर 'कमिट'. रोजच्या बोलण्यात हा शब्द जड वाटतो, अग्रलेखात किंवा इतिहासात शोभतो.

चुना_आणि_वीट:
शोध घेताना स्पेलिंग सांभाळा: एफ-ओ-डबल एल-वाय. एफ-ओ-एल-ई-वाय असं एकाच 'एल'चं लिहिलं तर तो रुग्णालयातला कॅथेटर (लघवीसाठी बसवतात ती नळी) किंवा चित्रपटातले पावलांचे, दारांचे आवाज तयार करण्याची कला. दोन्ही आडनावांवरून आलेत, त्यांचा वेडेपणाशी संबंध नाही.

ओळीमागून_ओळ:
छायाचित्र पाहिलं, चौकोनी बुरूजच आहे. वाक्य असं केलं: 'टेकडीवरच्या फॉलीपर्यंत, म्हणजे केवळ शोभेसाठी बांधलेल्या बुरुजापर्यंत, आम्ही चढून गेलो.' दोघांचे मनापासून आभार.