घरी बाळाचे फोटो धड येईनात, मदत हवी आहे

बाळंतपणासाठी माहेरी, उदगीरला आलेय. लेक परवा तीन महिन्यांची झाली. तिचे बाबा चाकणला नोकरीला, रोज रात्री फोनवर एकच धोशा, "आजचा फोटो कुठंय?" माझ्या मोबाइलमध्ये हजाराच्या वर फोटो झालेत आणि फ्रेम करून लावावा असा त्यात एक.

घर आजोबांच्या वेळचं, माळवदाचं. भिंती जाडजूड, खिडक्या हातभर. आमची खोली सगळ्यात आतली. उजेड म्हणजे माळवदाच्या साण्यातून, छतातल्या झरोक्यातून, खाली येईल तेवढा, आणि एक ट्यूब. त्यात भावानं मागच्या दिवाळीला हौसेनं गुलाबी रंग मारून घेतला. आता फोटोत लेक एकतर गुलाबी दिसते नाहीतर हिरवट. हातपाय हलवले की मुठी पुसल्यासारख्या. जवळ जाऊन काढावा तर नाक बटाट्याएवढं. तिचं नाक तसं नाहीये हो! फ्लॅश एकदाच मारला. लेकरू असं दचकून रडलं की आईनं मोबाइल उचलून कपाटावर ठेवला.

निजलेली असताना काढावेत तर आजी आडवी येते. "निजलेल्या लेकराचे फोटू काढू नको, नजर लागती." ते मी ऐकते, तिच्याशी कोण भांडणार.

तो एक चांगला फोटो कसा आला तेच कळंना. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. आई लेकीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती, मी समोरून सहज काढला. जावळाचा केस न् केस मोजून घ्यावा. डोळ्यांत अख्खं अंगण दिसतंय, मोबाइल धरलेली मीसुद्धा. मोबाइल तोच, लेकरू तेच. मग तिथं वेगळं काय झालं?

प्रतिसाद १ (लग्नाचे फोटो काढतो, नांदेड)

ताई, उंबऱ्यात ऊन नव्हतं पण समोर उजळलेलं अंगण होतं. एवढा मोठा, मऊ उजेड आम्ही छत्र्या-दिवे लावून तयार करतो, तुम्हाला तो फुकट मिळाला. डोळ्यांत अंगण दिसतंय म्हणजे उजेड समोरून आलाय.

खोलीत उजेड कमी, म्हणून मोबाइल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा विसावा-तिसावा भाग धरा. तेवढ्यात तिची मूठ तोंडाकडं निघालेली असते. दारात दोनशेव्या भागातही काम होतं, म्हणून मूठ स्पष्ट येते.

गुलाबीचं कारण भिंत. उजेड तिच्यावर आपटून लेकराच्या तोंडावर येतो. आजोबांचं पांढरं धोतर असेल तर बाळाच्या बाजूला, भिंत झाकेल असं टांगा. रंग जाईल आणि सावलीकडचा गालही उजळेल. दिवसा काढताना ट्यूब बंदच ठेवा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की मोबाइल गोंधळतो.

नाकाचं म्हणाल तर वीतभर अंतरावरून कुणाचंही नाक मोठंच येणार. दोन हात मागं सरका आणि २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, करा. पडद्यावर तिच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथं पक्का होतो. तोंड पांढरंफटक येत असेल तर तिथंच शेजारी दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. सलग दहा-पंधरा काढा, एखादा लागतोच. उभं राहून वरून काढू नका, चटईवर तुम्हीही पालथ्या पडा.

प्रतिसाद २

आमच्याकडं कारण भलतंच निघालं होतं. मालिशच्या हातानं मोबाइल धरायचे, लेन्सवर तेल! सगळे फोटो धुक्यातले. आधी सुती फडक्यानं पुसून बघा.

आणि न्हाऊ-शेक झाल्या झाल्या मागं लागू नका, तेव्हा लेकरू पेंगतं. झोपून उठून, दूध पिऊन झालं की अर्धा तास मिळतो. माझ्या खांद्यावरून सासूबाई खुळखुळा वाजवायच्या, मग पोरगं बरोबर कॅमेऱ्याकडं बघायचं.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? स्टुडिओत न्या. गालाखाली हात ठेवून बसलेल्या बाळाचे कसले गोड फोटो काढतात.

प्रतिसाद ४ (नांदेडवाला पुन्हा)

तसला फोटो घरी कुणी करायला जाऊ नका. त्यात बाळाला कुणीतरी धरलेलं असतं, दोन फोटो काढून जोडतात आणि धरणारा हात पुसून टाकतात. तीन महिन्यांच्या मानेला तो भार पेलत नाही.

आणखी एक, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन जातो. बाबांना प्रिंट काढायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. धोतर मिळालं, आजोबांचं नाही, माझ्या बाबांचं. सकाळी दहाच्या सुमारास ओसरीत गोधडी टाकली, दार सताड उघडं. चाळीसेक काढले, सहा जपून ठेवण्यासारखे आलेत. एकात तर जांभई सापडलीय, जिभेच्या टोकावरचा दुधाचा पांढरा थर दिसतोय.

पण नवीनच भानगड झाली. फोटो आजीला दाखवले तर ती घाबरली. "तीट कुठं गेली? मी सकाळीच लावली की गालाला." लेकीच्या गालावर आहे, फोटोत नाही. आता ती म्हणती, मोबाइलनं तीट खाल्ली, हा फोटू कुणाला पाठवायचा नाही. हे काय आहे?

प्रतिसाद ५ (नांदेडवाला)

ब्यूटी मोड चालू असणार. चेहऱ्यावरचे बारीक ठिपके तो डाग समजून पुसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणा.

धागाकर्ती

शून्यावर आणलं. तीट आली. आजीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितली आणि म्हणाली, आता पाठव.