मदत हवी आहे: बरणीवरचा नॅपकिन रंगासकट सोलून निघतोय

रानजाई
गौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून जॅमच्या रिकाम्या बरण्या कागदी नॅपकिन लावून सजवतेय. आधी पांढरा रंग, त्यावर नॅपकिन, वर स्प्रे. वाळल्यावर नख लागलं तरी रंग आणि नॅपकिन एकत्रच सोलून येतात. काही बरण्यांवर स्प्रेनंतर दुधाळ डाग आलेत. शिवाय सुरकुत्या. आज सोमवार, शुक्रवारी बायका येणार, बरण्या बारा. "दुसरं काहीतरी द्या" हा सल्ला नकोय. लवकर सांगा!

पुठ्ठा
कुठला रंग? कुठला गोंद, त्यात पाणी किती? स्प्रे कसला? नॅपकिनचे पदर सोडवले का? अशाने नुसते अंदाजच येतील.

सदूकाका
मॉड पॉज आणा. तोच गोंद, तोच वॉर्निश. फेव्हिकॉलचा खटाटोप हवाय कशाला?

कागदवेडी
काका, मॉड पॉजही पाण्यातलाच गोंद. काच तेलकट असेल तर तोही सुटणार. आणि त्यातला धुता येणारा प्रकार घेतला तर पूर्ण पक्का व्हायला २८ दिवस लागतात. शुक्रवारचं काय?

रानजाई
साधा ॲक्रिलिक रंग. फेव्हिकॉल एमआर, जेवढा फेव्हिकॉल तेवढंच पाणी. स्प्रे म्हणजे हार्डवेअरवाल्याकडचा क्लिअर लॅकर. पदर कसले?

पुठ्ठा
घ्या! छापील नॅपकिन बहुतेक तीन पदरी असतो, छपाई फक्त वरच्या पदरावर. खालचे दोन पांढरे पदर काढून टाकायचे. ते राहिले तर गोंद वरच्या पदरापर्यंत नीट पोचत नाही, आणि नंतर वरचा पदर एकटाच उचलला जातो. कोपऱ्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवून ओढलं की पदर सुटे होतात. दोन काढले तरी बोटांत चोळून पाहा, कधी एक मागे चिकटून राहतो.

तिखट_मीठ
अशा बरणीत लोणचं ठेवलं तर चालतं का?

कागदवेडी
रानजाई, पण तुझ्याकडे रंगही सुटतोय ना? मग दोष नॅपकिनच्या खाली, काचेवर आहे. लेबलं कशी काढलीस?

रानजाई
खोबरेल तेल आणि खायचा सोडा लावून. नंतर भांड्याच्या साबणाने घासून धुतल्या की.

कागदवेडी
तेच कारण. लेबलाचा चिकटा काढायला तेल उत्तम, पण साबणाच्या एका हाताने त्याचा पातळ थर जात नाही. त्यात काच गुळगुळीत, रंगाला धरायला काही नाही. आता असं कर: सगळ्या बरण्या कोमट पाण्यात तासभर बुडव, रंग आणि नॅपकिन पापुद्र्यासारखे निघतील. गरम पाण्यात दोनदा धू, पुसून कोरड्या कर. मग केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन बाहेरून पुस. यानंतर बरणी फक्त तोंडाशी धरायची, बाकी काचेला बोट नाही.

सदूकाका
सॅनिटायझर घरात असतोच, त्याने पुसा. केमिस्टकडे कशाला जायचं?

पुठ्ठा
जेलवाला नको. त्यात घट्टपणासाठी आणि हात मऊ राहावेत म्हणून घातलेले घटक असतात, त्यांचा थर काचेवर राहतो. एक तेल काढून दुसरं लावल्यासारखं.

रंगाबद्दल: ब्रशने जाड थर नको. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा घेऊन रंग टिपत जा. पहिला थर फाटकातुटका दिसतो, दिसू दे. पूर्ण वाळल्यावर दुसरा, लागलाच तर तिसरा. रंगात पाणी अजिबात नाही. दुकानात जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) किंवा चॉक पेंट (खडूसारखा बिनचमकीचा रंग) मिळाला तर साध्या ॲक्रिलिकपेक्षा तो घ्या, काच जास्त चांगली धरतो. तरी मुद्दाम नखाने खरवडलं तर काचेवरचा कुठलाही असा रंग पहिल्या काही दिवसांत निघतोच.

अनवट
पांढरा रंग हवाच कशाला? नॅपकिन थेट काचेवर लावा. आत एलईडीची माळ सोडली की फार सुरेख दिसतं.

पुठ्ठा
दिसतं, पण गडद नक्षी असेल तरच. गोंद लागला की नॅपकिनचा पांढरा भाग पारदर्शक होतो आणि फिकी गुलाबं काचेवर दिसेनाशी होतात. पांढरा रंग हवा तो एवढ्यासाठीच.

मृदगंध
मी तर म्हणते आत मेणबत्तीच करा. मेण वितळवायचं, वात मधोमध धरायची, ओतायचं. झालं वाण.

कागदवेडी
मृदगंध, बाहेरून कागद आणि लॅकर लावलेल्या बरणीत खरी ज्योत? अजिबात नको. विचारलंय काय, आणि हे काय!

रानजाई
सुरकुत्यांचं सांगा ना कुणीतरी.

सदूकाका
इस्त्री. रंगावर फेव्हिकॉलचा हात द्या, वाळू द्या, नॅपकिन ठेवून वर बेकिंग पेपर आणि हलकी इस्त्री. एक सुरकुती येणार नाही.

पुठ्ठा
लाकडी ट्रेवर मान्य. गोल बरणीवर इस्त्री टेकते एका रेघेवर, आणि काच एकाच जागी तापली तर तडकेल. वाणाबरोबर काचा वाटायच्या आहेत का?

कागदवेडी
सुरकुत्या येतात कारण ओला कागद फुगतो, आणि निम्मं पाणी घातलं की जास्तच. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी असं कर. गोंद नॅपकिनला नाही, बरणीला लाव, तोही चार बोटं रुंदीच्या पट्ट्यातच. कोरडा नॅपकिन त्यावर टेकव, वर क्लिंग फिल्म किंवा मऊ पिशवी धरून मधून कडेकडे दाब. मग पुढचा पट्टा. ब्रशने घासायला गेलीस की फाटलाच. वाळल्यावर उरलेल्या घड्यांवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरव.

खांद्यावर, म्हणजे बरणी तोंडाकडे निमुळती होते तिथे, अख्खा नॅपकिन बसणारच नाही. फुलं सुटी कर. कात्रीने नाही, कडेने ओला ब्रश फिरवून फाड, म्हणजे कड पांढऱ्या रंगात मिसळून जाते. लाल आणि गडद निळ्या नॅपकिनचा कोपरा आधी ओला करून बघ, रंग सोडत असेल तर तो बाजूला ठेव.

रानजाई
आणि दुधाळ डाग?

पुठ्ठा
पावसाळी हवा. लॅकरमधलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यात अडकतं. खालचा फेव्हिकॉल ओलसर असेल तर तोही पांढुरका दिसतो. या दिवसांत गोंद रात्रभर वाळू द्यायचा, पंख्याखाली, आणि बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या नाहीत. लॅकरऐवजी पाण्यातला ॲक्रिलिक वॉर्निश मऊ ब्रशने दोन पातळ हात द्या. लाकडाचा तेलातला वॉर्निश नको, पिवळा पडतो. हिशोब असा: आज धुणं, उद्या रंग, बुधवारी नॅपकिन, गुरुवारी वॉर्निश. शुक्रवारी हातात देता येतील, पण नंतर पाण्याने धुवायच्या नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायच्या, हे चिठ्ठीवर लिहा.

तिखट_मीठ
लोणच्याचं राहिलं.

कागदवेडी
तेल काठावरून ओघळलं की नॅपकिन डागाळणार. तोंडापासून दोन सेंटिमीटर काच मोकळी सोडायची आणि आत सुपारी, बडीशेप, हळदीकुंकवाच्या पुड्या असं कोरडंच.

रानजाई
कागदवेडीताई, एक बरणी पुन्हा धुऊन अल्कोहोलने पुसून रंगवली. वाळल्यावर त्यावर सेलोटेप लावून ओढली, रंग निघाला नाही. बाकीच्या आत्ता पाण्यात टाकल्यात. झाकणांवर जॅमच्या कंपनीचं नाव आहे, त्यावर हाच रंग चालेल?

अनवट
पत्र्यावर आधी पॉलिश पेपर मारा, मग मेटल प्रायमर. नाहीतर झाकण उघडताना चुरगळून निघेल. सोपं म्हणजे वर कापडाचा गोल आणि सुतळी.

सदूकाका
झाकणालासुद्धा मॉड पॉज चालतो.