पांढऱ्या रंगाच्या थरातूनही फोकस होतो

वर कोणीतरी लिहिलंय की दुधी काचेतून लेसर गेला की तो कायमचा विस्कटला, परत एका बिंदूत आणणं अशक्य. हे पटलं नाही. काच जागची हलत नसेल तर कुठला किरण कसा वळणार हे ठरलेलंच असतं, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

समजा हजार जण दादरला उतरून वेगवेगळ्या जिन्यांनी, पुलांनी बाहेर पडतायत, कोणाचा रस्ता लांब कोणाचा जवळचा, पण कोणी किती थांबून निघायचं हे आधीच ठरवलं तर सगळे एकाच वेळी फूलमार्केटला पोचतील ना? प्रकाशाच्या फेजचं (लाट चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्याचं) तेच, सगळ्या लाटा एका तालात पोचल्या की तिथे उजेड वाढतो.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मॉस्क यांनी हेच केलं. एसएलएम म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा पडदा, त्याच्या एकेका तुकड्याची फेज फिरवत जायची, पलीकडे ठरवलेल्या जागी उजेड कधी वाढतो ते बघायचं आणि तीच सेटिंग ठेवायची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या (आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच) साधारण १० मायक्रोमीटर थरामागे आजूबाजूच्या सरासरीपेक्षा जवळपास १००० पट तेजस्वी ठिपका मिळाला!

२०१० मध्ये तर त्याच गटाने दाखवलं की लेन्सनंतर असा थर ठेवून फोकस केला तर नुसत्या लेन्सपेक्षा बारीक ठिपका मिळतो, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

खरी अडचण जिवंत शरीरात येते, रक्त वाहतं, पेशी हलतात, मिलिसेकंदांत वाटा बदलतात आणि आधी शोधलेली फेज निरुपयोगी होते.