कुडाळला उतरायचं, कणकवलीला चढायचं: सिंधुदुर्गात रेल्वे आणि गाडीने चार दिवस

प्रश्न (रानवाट):
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं, नवरा-बायको, ठाण्याहून सिंधुदुर्गात चार दिवस जायचं म्हणतोय. मालवण, तारकर्ली, कुणकेश्वर आणि विजयदुर्ग एवढं पाहायचं आहे. धावपळ नको. घरून गाडी चालवत न्यायची इच्छा नाही, म्हणून जाता-येता रेल्वे आणि तिथे भाड्याची गाडी असा विचार आहे. गाडी चारही दिवस ठेवावी का? कोणत्या स्टेशनवर उतरावं? जाताना दिवसाची ट्रेन घेतली तर खिडकीतून बघण्यासारखं काय आहे? कोकण रेल्वे आपली गाडी वाघिणीवर चढवून नेते असंही ऐकलं, ते जमेल का?

खाडीकाठ:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 2025 च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा (गोवा) अशी मोटारींची रो-रो, म्हणजे गाडी वाघिणीवर चढवून नेणारी सेवा, सुरू झाली आणि मग नांदगाव रोडचा थांबाही दिला. पण ठरावीक संख्येने गाड्या नोंदल्या गेल्या तरच ती फेरी सुटते, आणि ठाण्याहून कोलाडपर्यंत गाडी तुम्हालाच चालवत न्यावी लागते. चार दिवसांसाठी तो खटाटोप करू नका.

स्टेशनचं म्हणाल तर जाताना कुडाळ आणि येताना कणकवली धरा. मालवणला कुडाळ जवळ, साधारण 28 किमी. विजयदुर्ग मात्र उत्तरेला आहे. तिथून पुन्हा कुडाळला यायचं म्हणजे उलटा प्रवास, उगाच जास्तीचे किलोमीटर. वंदे भारत पाहत असाल तर ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते.

दिवसा जायचं असेल तर मांडवी एक्सप्रेस घ्या. सकाळी निघून दुपार उलटल्यावर कुडाळला पोचते. जनशताब्दीला व्हिस्टाडोमचा (मोठ्या काचांचा, छतालाही काच असलेला) डबा आहे, पण ती पहाटे सुटते. खिडकी डावीकडची घ्या, सह्याद्री त्या बाजूला राहतो. समुद्राची वाट पाहू नका, कोकण रेल्वे बहुतेक किनाऱ्यापासून आतून जाते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. रत्नागिरी सोडल्यावर दाराशी नाही, पण खिडकीशी नक्की बसा. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे आणि तो पटकन निघून जातो.

आता तारखेची गोम. रात्रीची तुतारी एक्सप्रेस दादरहून 00.05 ला सुटते, म्हणजे ठाण्यालाही मध्यरात्रीनंतरच येते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं हवं. दरवर्षी कितीतरी लोक शुक्रवारचं काढतात आणि स्टेशनवर आल्यावर कळतं की आपली गाडी कालच गेली. कोकणकन्या एक्सप्रेस मध्यरात्रीच्या आधी सुटते, तिला ही भानगड नाही.

आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. वेटिंग आलं तर नुसता आकडा बघू नका, प्रकार बघा. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्टेशनांचा सामायिक कोटा, तो फार हळू सरकतो. त्याच गाडीचं मडगावपर्यंतचं तिकीट जीएनडब्ल्यूएलमध्ये (सर्वसाधारण वेटिंग, ते लवकर सरकतं) मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी ते घ्या आणि कुडाळला उतरा. शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलेलं ई-तिकीट चार्ट झाल्यावर आपोआप रद्द होतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर हॉटेलचे पैसे आगाऊ भरू नका.

घाटमाथा:
वरचं सगळं बरोबर. मी गाडीपुरतं लिहितो.

चार दिवस गाडी अजिबात ठेवू नका. मालवणात ती नुसती उभी राहील आणि तुम्ही ड्रायव्हरचा भत्ता देत बसाल. कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. भाडं बसण्याआधी ठरवा आणि धामापूरमार्गे न्यायला सांगा. तिथला तलाव आणि काठावरचं भगवतीचं देऊळ वाटेतच होतं. मालवण ते तारकर्लीही रिक्षाने भागतं.

गाडी लागते ती फक्त शेवटच्या दिवशी: मालवण, आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग आणि मग तळेरेमार्गे कणकवली. धावणं साधारण 155 ते 160 किमी, शिवाय गाडीचा मालवणपर्यंतचा रिकामा परतीचा प्रवास. म्हणजे 200 च्या घरात. इथेच लोक फसतात. 8 तास 80 किमीचं पॅकेज घेतलं तर वरच्या प्रत्येक किलोमीटरचे आणि तासाचे पैसे वेगळे लागतात. बाहेरगावच्या दराने घेतलं तर दिवसाला 250 किंवा 300 किमी किमान धरतात, म्हणजे न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात. म्हणून मालवणातल्याच गाडीवाल्याशी या मार्गाचं एकरकमी भाडं ठरवा आणि मोजणी त्याच्या दारापासून दारापर्यंत आहे का, भत्ता आणि पार्किंग त्यात धरलंय का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं संध्याकाळी बदलतं.

नंबरप्लेट पिवळी हवी. स्वतः चालवायला भाड्याने घेतलेल्या गाडीची काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर नाही म्हणा. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो.

मालवणहून सकाळी 8 ला निघा. कुणकेश्वरहून देवगडला जाताना मिठमुंबरी-तारामुंबरी पुलावरून जायचं असं ड्रायव्हरला आधीच सांगा. वळशाचे बरेच किलोमीटर वाचतात. जेवण देवगडलाच उरका. विजयदुर्गाला कमीत कमी अडीच तास द्या आणि 5 वाजता तिथून निघा. कणकवलीपर्यंत दोन तास लागतात, रस्ता वळणांचा आणि बराचसा अरुंद आहे. रात्रीच्या कोकणकन्येसाठी एवढी सवड हवीच.

सुकती-भरती:
सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल कुणी लिहिलं नाही. होडीवाले आत साधारण तासाभराची मुदत देतात आणि तेवढ्यात किल्ला होत नाही. तटाचा घेरा जवळपास 3 किमी आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वर मंदिर आणि तटावरचा फेरा हे नीट बघायला दोन तास लागतात. चढतानाच तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) विचारा की आम्ही नंतरच्या होडीने आलो तर चालेल का. बहुधा हो म्हणतात, पण तिकीट जपून ठेवा. सकाळची पहिली होडी धरा. उशिरा गेलात तर जांभा तापतो आणि तटावर सावली नाही.

देवबागला त्सुनामी बेट (खाडीतला वाळूचा पट्टा) बघायचं असेल तर आदल्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून घ्या. भरतीत तिथे नुसतं पाणी असतं. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधल्याशिवाय होडी सुटू देऊ नका, खाडीच्या तोंडाशी ओढ जबर असते.

रानवाट:
खूप आभार. म्हणजे मांडवीने कुडाळ, दोन पूर्ण दिवस मालवण आणि चौथ्या दिवशी गाडी. बायकोला गुडघ्याचा थोडा त्रास आहे. विजयदुर्गाला चढ किती?

घाटमाथा:
चढ फारसा नाही. गाडी दरवाजाजवळ जाते. आत पायऱ्या आणि उंचसखल दगड आहेत, तेवढं सांभाळून चाला. चपलेपेक्षा बूट बरे. बालेकिल्ल्यापर्यंत सावकाश गेलात तर जमेल. तटाचा पूर्ण फेरा मात्र सोडा, कडेला कठडा नसलेल्या जागा आहेत. खाडीच्या बाजूच्या बुरुजावर बसूनही वाघोटन खाडीचं तोंड पूर्ण दिसतं.