क्रेडिट पॉइंट जमतात, पण फेको हातात कशी बसवावी?

तालुका_नेत्रतज्ज्ञ: महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि अधिवेशनांना हजेरी लावून ते वेळेवर जमतातही, परंतु सभागृहात पाहिलेली शस्त्रक्रिया हातात उतरत नाही. मी मोतीबिंदूसाठी बिनटाक्याची एसआयसीएस (लहान छेदातून भिंगाचा गाभा हाताने काढण्याची शस्त्रक्रिया) नियमित करतो आणि आता फेको (यंत्राच्या ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत) शिकू इच्छितो. दवाखाना महिनोन्महिने बंद ठेवणे परवडणार नाही. सुरुवात कोठून करावी?

फेको_प्रशिक्षक: वेट लॅबपासून, म्हणजे प्राण्याच्या डोळ्यावरील सरावापासून करावी. खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यावर छेद घेणे, यंत्राच्या पॅडलवर पाय बसवणे आणि दोन्ही हातांचा मेळ घालणे यांचा उत्तम सराव होतो. मात्र त्या डोळ्यातील भिंग मऊ आणि भिंगाची पिशवी माणसापेक्षा अधिक ताणली जाणारी असते, त्यामुळे रेक्सिसची (पिशवीला गोल छिद्र पाडण्याची) आणि कठीण न्यूक्लियस (भिंगाचा गाभा) फोडण्याची खरी परीक्षा तेथे होत नाही. पुढे रुग्णावर, अनुभवी सर्जन शेजारी असताना, टप्पे उलट्या क्रमाने शिकावेत: आधी कृत्रिम भिंग बसवणे, मग कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) ओढणे आणि न्यूक्लियस अगदी शेवटी. तपकिरी, पिकलेला मोतीबिंदू आरंभी घेऊच नये. एसआयसीएस येते ही तुमची जमेची बाजू आहे, कारण मध्येच अडचण आल्यास छेद वाढवून तिकडे वळता येते. थेट फेकोपासून सुरुवात करणाऱ्या आजच्या मुलांना ही सोय नसते.

पडदा_विभाग: मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून स्वतःच्या चित्रफिती पाहा आणि भिंगाच्या पिशवीची मागची बाजू फाटलेल्या प्रत्येक केसची नोंद ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या मापदंडानुसार रुग्ण एरवी वापरतो त्या चष्म्यासह किंवा चष्म्याविना ६/१२ किंवा त्याहून चांगली नजर आली, तरच निकाल चांगला धरतात. वाचनही सोडू नका. उदाहरणार्थ, अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीसाठी अमेरिकी निकष गर्भकाळ ३० आठवडे किंवा जन्मवजन १५०० ग्रॅम असा आहे, तर आपल्याकडे ३४ आठवडे किंवा २००० ग्रॅमपर्यंतची बाळे तपासावी लागतात. केवळ परदेशी पुस्तकावर विसंबल्यास ही मोठी बाळे निसटतात. ऑर्बिस या नेत्रसेवा संस्थेच्या सायबरसाइट या संकेतस्थळावर नेत्रतज्ज्ञांसाठी अभ्यासक्रम विनामूल्य आहेत.

तालुका_नेत्रतज्ज्ञ: आभारी आहे. यंत्र आधी घ्यावे का?

फेको_प्रशिक्षक: नको. ज्या यंत्रावर शिकाल, त्याच्याच पॅडलची सवय पायाला लागेल. तेव्हा प्रशिक्षण आधी, खरेदी नंतर.